तक्रार काहीच नव्हती, तरी तपासायला गेले

थोरल्या जाऊबाईंची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. एक दिवस पुन्हा डाग दिसला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. अंगातली उष्णता असेल, कधीकधी होतं असं, अशी स्वतःची समजूत घालत त्यांनी आठ महिने काढले. ऑगस्ट 2023 मध्ये कंबर इतकी दुखायला लागली की सकाळी उठवेना, तेव्हा आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं. निदान झालं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं, टप्पा 2बी. म्हणजे आजार मुखाच्या आजूबाजूच्या भागात सरकलेला होता आणि पिशवी काढून भागणार नव्हतं. पाच आठवड्यांहून जास्त काळ रोज रेडिएशन, त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा केमो आणि शेवटी आतून द्यायचं रेडिएशन, असे उपचार ठरले.

त्या दिवसांत मी त्यांच्यासोबत जायची. तिथल्या नर्सबाईंनी एकदा मलाच विचारलं, "तुमची तपासणी झालीय का?" मी 41 वर्षांची, दोन बाळंतपणं झालेली, बाईच्या आजारांबद्दल आपल्याला बऱ्यापैकी माहिती आहे असं समजणारी. मी म्हटलं, "मला काही त्रास नाही." त्या शांतपणे म्हणाल्या, "त्रास नसतानाच करायची असते ही."

हे टिपण त्या वाक्यामुळे लिहिते आहे. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, उपचार झाला, नंतरच्या दोन तपासण्याही झाल्या. या काळात मला जे आधी कुणी सांगायला हवं होतं, ते इथे क्रमाने लिहिलं आहे.

पहिली अपॉइंटमेंट 9 ऑक्टोबरची मिळाली. ती फुकट गेली, कारण दोन दिवस आधी पाळी आली. रक्तस्राव असताना नमुना नीट मिळत नाही. फोनवर वेळ देणाऱ्यांनी हे विचारलं नव्हतं आणि मला माहीत नव्हतं. तेव्हा वेळ घेतानाच पाळीची तारीख मोजून घ्या. पाळी संपून चार-पाच दिवस झालेले असले की बरं. आधीचे दोन दिवस शरीरसंबंध नको, आत ठेवायची गोळी किंवा मलम नको, आतून पाण्याने धुणं तर नकोच.

19 ऑक्टोबरला तपासणी झाली. मी इतकी घाबरले होते की डॉक्टरबाईंनी नाव विचारलं तरी आवाज फुटेना. कमरेखालचे कपडे काढून, चादर पांघरून, पाय वर ठेवून निजायचं. स्पेक्युलम नावाचं एक साधन आत घालून ते हळूच उघडतात, म्हणजे पिशवीचं तोंड दिसतं. मग एका छोट्या मऊ ब्रशने तिथल्या पेशी घेतात. सगळं मिळून तीन-चार मिनिटं. दुखलं का? ताण जाणवला, थंड लागलं, ब्रश फिरताना पोटात किंचित कळ आली. बाळंतपण झालेल्या बाईने याला दुखणं म्हणू नये. पण लाज वाटते आणि लाजेने अंग आखडलं की त्रास वाढतो, हेही तितकंच खरं. डॉक्टरबाईंनी मला ढुंगण टेबलाला टेकवून ठेवायला आणि तोंडाने श्वास सोडत राहायला सांगितलं. त्याने खरंच फरक पडला. तपासणीला बाई डॉक्टर हवी असेल तर तसं आधीच सांगता येतं. सोबत एखादी बाई आत हवी असेल तर तेही सांगता येतं.

एकाच नमुन्यातून दोन गोष्टी तपासायच्या होत्या. पॅप म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. ही पद्धत जॉर्ज पापानिकोलाऊ यांची, त्यांच्याच नावावरून 'पॅप' आलं. दुसरी एचपीव्हीची तपासणी, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस आहे का हे बघणं. या कॅन्सरच्या जवळजवळ सगळ्या रुग्णांत मूळ कारण हा विषाणू असतो. हे शोधणारे हाराल्ड त्सूर हाउसेन यांना 2008 मध्ये नोबेल मिळालं. विषाणूचे 200 हून जास्त प्रकार आहेत, त्यांतले चौदाएक कॅन्सरच्या दृष्टीने धोक्याचे, आणि त्यातही 16 आणि 18 हे दोन प्रकार मिळून सुमारे 70 टक्के रुग्णांमध्ये सापडतात. आता जागतिक आरोग्य संघटनाही तिशीनंतर एचपीव्हीच्या तपासणीलाच पहिली पसंती देते. निकाल चांगला आला तर ती पाच ते दहा वर्षांनी करायची. एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईने मात्र पंचविशीपासून आणि दर तीन ते पाच वर्षांनी. एचपीव्हीसाठी नमुना स्वतःचा स्वतः घेण्याचीही सोय काही ठिकाणी असते, हे मला फार नंतर कळलं. आतली तपासणी नको म्हणून टाळणाऱ्यांनी याची चौकशी जरूर करावी.

रिपोर्ट दहा दिवसांत येईल असं सांगितलं होतं. मी फोनची वाट बघत बसले. काही वाईट असतं तर फोन आला असता, असं घरी सगळे म्हणाले आणि मलाही तेच ऐकायचं होतं. तीन आठवड्यांनी मी स्वतः गेले तेव्हा कळलं की रिपोर्ट खिडकीवर येऊन नऊ दिवस झाले होते. माझ्या केसपेपरवर जुना मोबाइल नंबर होता. त्यावर त्यांनी एकदा फोन केला आणि लागला नाही म्हणून कागद ठेवून दिला. माझ्या बाबतीत त्या नऊ दिवसांनी काही बिघडलं नाही. पण नंतर मला अशा दोघीजणी भेटल्या ज्यांनी रिपोर्ट कधी आणलाच नाही, 'कळवलं नाही म्हणजे चांगलं असेल' म्हणून. नमुना देताना रिपोर्टची तारीख, नमुन्याचा क्रमांक आणि कुठल्या खिडकीवर मिळणार हे लिहून घ्या, आणि त्या तारखेला जा.

रिपोर्टवर लिहिलं होतं : एचपीव्ही 16, पॉझिटिव्ह. पेशींच्या रकान्यात 'एएससी-यूएस'. मी तिथेच बाकावर बसले. मला वाटलं, आपल्याला कॅन्सर झाला. शब्दांचा अर्थ सांगायला खिडकीवर कुणी नव्हतं आणि डॉक्टरबाईंची वेळ चार दिवसांनंतरची होती. ते चार दिवस या साऱ्या प्रवासातले सगळ्यांत वाईट. म्हणून अर्थ इथेच लिहिते. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आहे. कॅन्सर आहे असं नाही. एएससी-यूएस म्हणजे काही पेशी जरा वेगळ्या दिसतात, पण त्यावरून ठाम सांगता येत नाही. एलएसआयएल म्हणजे सौम्य बदल, एचएसआयएल म्हणजे जास्त बदल. 'अनसॅटिस्फॅक्टरी' आलं तर नमुना पुरेसा नाही, पुन्हा द्यायचा.

डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक बायका-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी लागतो. दहातल्या नऊजणींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडतो, त्यांच्या पेशी हळूहळू बदलायला लागतात, आणि तिथून कॅन्सरपर्यंत पोहोचायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती कमी असेल तर हा काळ पाच-दहा वर्षांवर येतो. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांच्या शरीरात तो जास्त टिकतो. मी ते चित्र जपून ठेवलंय. कॅन्सर म्हटलं की अचानक कोसळणारी गोष्ट डोळ्यांसमोर येते. इथे मधे इतकी वर्षं असतात, आणि त्या वर्षांत बाईला काहीही दुखत नाही, काही दिसत नाही. जाऊबाईंच्या अंगातही तो इतकीच वर्षं असणार. या काळात त्यांना एकदाही कुणी तपासलं नव्हतं. मला हे कळलं तेव्हा मी बाहेर येऊन रडले, ते माझ्यासाठी नव्हतं.

घरी सांगणं तपासणीपेक्षा अवघड गेलं. नवऱ्याने कागद वाचला, इंटरनेटवर शोधलं आणि जरा वेळाने विचारलं, "हा संबंधांतून होतो म्हणे. मग आला कुठून?" आवाजात संशय नव्हता, गोंधळ होता. तरीही त्या प्रश्नाने मला अपराधी वाटलं आणि त्याच्याबद्दल माझ्याही मनात तोच प्रश्न येऊन गेला. पुढच्या भेटीला मी त्याला सोबत नेलं आणि डॉक्टरबाईंना त्याच्यासमोरच विचारलं. त्या म्हणाल्या, विषाणू वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो. तो कधी आला, कुणाकडून आला, हे कोणत्याही तपासणीने सांगता येत नाही. कुणी कुणाला फसवल्याचा हा पुरावा नव्हे. कितीतरी बायका केवळ या एका प्रश्नाच्या भीतीने पुढच्या तपासणीला जात नाहीत, असंही त्यांनी सांगितलं. नवऱ्याने परत हा विषय काढला नाही. पुढच्या प्रत्येक भेटीला मात्र तो आला.

5 डिसेंबरला कॉल्पोस्कोपी झाली. स्पेक्युलम तसंच, पण बाहेर भिंग आणि उजेड असलेलं यंत्र, ते शरीरात जात नाही. आधी पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड लावतात, व्हिनेगरसारखा वास येतो, किंचित चुरचुरतं. मिनिटभराने जिथे पेशी बदललेल्या असतात तिथला भाग पांढरा होतो. मग आयोडीन लावतात. निरोगी भाग गडद तपकिरी होतो आणि बिघडलेला भाग पिवळसर राहतो. मला पडद्यावर बघायचं का असं विचारलं. मी हो म्हटलं. गुलाबी गोलाच्या वरच्या बाजूला, घड्याळात बारा ते तीनच्या मधे म्हणावं असा, एक पांढरा डाग होता. स्वतःचा तो भाग मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. तिथूनच दोन बारीक तुकडे तपासायला घेतले. चिमटा काढल्यासारखं झालं, मग पाळीसारखी कळ. घरून पॅड नेलं होतं, ते कामी आलं. दोन-तीन दिवस थोडं रक्त आणि औषधाचा तपकिरी-काळपट स्राव गेला. याची कल्पना आधी दिलेली असते तरी घरी गेल्यावर दिसलं की दचकायला होतं.

तुकड्यांचा रिपोर्ट 18 डिसेंबरला. या वेळी तारीख लिहून घेतली होती आणि मी दार उघडायच्या आधी हजर होते. 'सीआयएन 3.' कॅन्सरच्या आधीची पायरी, तीनमधली सगळ्यांत वरची. सीआयएन 1 बहुतेकदा आपोआप बरा होतो, त्याला लक्ष ठेवून राहिलं तरी चालतं. 3 तसा सोडता येत नाही. उपचारच न झालेल्या स्त्रियांचा न्यूझीलंडमध्ये अभ्यास झाला, त्यात 30 वर्षांत शंभरातल्या तीसएक जणींना कॅन्सर झाला. डॉक्टरबाईंनी हा आकडा सांगितला आणि लगेच पुढे म्हणाल्या, "तुम्ही वेळेत आलात. पिशवी काढायची गरज नाही."

खर्चाबद्दल एवढंच सांगते की बिल एक नसतं. डॉक्टरांची फी वेगळी, कॉल्पोस्कोपीची वेगळी, तुकडा तपासणाऱ्या लॅबचं वेगळं, उपचाराच्या दिवशी खोलीचं आणि साहित्याचं वेगळं. लॅबचं बिल आपण विसरतो. प्रत्येक पायरीच्या आधी 'याच्यात काय काय धरलंय' हे विचारा आणि सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयात तीच गोष्ट कशी होते याची चौकशी करा. विम्याचा दावा आधी नामंजूर झाला, कारण मी रात्रभर भरती नव्हते. पॉलिसीची पानं वाचल्यावर भरती न होता होणाऱ्या शस्त्रक्रियांची यादी सापडली. तिचा उल्लेख करून, बायोप्सीचा रिपोर्ट आणि हा उपचार का गरजेचा होता याचं डॉक्टरांचं पत्र जोडून पुन्हा अर्ज केला. सात आठवड्यांनी मंजूर झाला. मूळ बिलं देण्याआधी प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून ठेवा.

9 जानेवारी 2024 ला लीप झालं. तारेच्या बारीक कडीतून वीज सोडून पिशवीच्या तोंडाचा बिघडलेला भाग कापून काढतात. मी पूर्ण जागी होते. मांडीला एक चिकटपट्टी लावली. भूल द्यायचं इंजेक्शन पिशवीच्या तोंडातच देतात. दिल्याबरोबर छाती धडधडायला लागली आणि पाय थरथरू लागले. ते औषधामुळे होतं, दोन मिनिटांत थांबतं असं नर्सबाईंनी हात धरून सांगितलं नसतं तर मी उठून पळाले असते. यंत्राचा घूं आवाज, जळल्यासारखा वास, आणि दुखणं मात्र जवळजवळ शून्य. पंधरा मिनिटांत मी बाजूच्या खोलीत होते, दीड तासाने घरी.

पुढचे चार आठवडे शरीरसंबंध नाही, टॅम्पॉन नाही, पोहणं नाही, जड उचलणं नाही. पाण्यासारखा, कधी तपकिरी स्राव तीन आठवडे होता. बाराव्या दिवशी अचानक लाल रक्त जास्त गेलं. खपली सुटताना असं होतं. तासाला एक पॅड भिजत असेल, ताप असेल किंवा घाण वास येत असेल तर लगेच जायचं, असं कागदावर लिहून दिलं होतं. माझं तेवढं नव्हतं, तरी मी फोन केला आणि मला कुणी वेड्यात काढलं नाही. जिला पुढे मूल हवंय तिने उपचाराच्या आधी ते स्पष्ट सांगावं, कारण जास्त भाग काढला गेला तर दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याची शक्यता थोडी वाढते आणि डॉक्टर ते धरून ठरवतात.

23 जानेवारीला शेवटचा रिपोर्ट. काढलेल्या भागात सीआयएन 3, कडा स्वच्छ (म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या काठाला बिघडलेल्या पेशी नाहीत), कॅन्सर नाही. मी कागद आधी जाऊबाईंना दाखवला. त्यांचे उपचार संपून थोडेच दिवस झाले होते, वजन उतरलं होतं, केस विरळ झाले होते. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "माझं दुखणं तुझ्या कामी आलं गं."

त्यानंतर आम्ही दोघी मिळून बायकांशी बोलायला लागलो. ठरवून नव्हे. एका हळदीकुंकवासारख्या जमलेल्या बैठकीत कुणीतरी जाऊबाईंना "काय झालं होतं?" विचारलं आणि त्यांनी, ज्यांनी आठ महिने डाग लपवला त्यांनी, सरळ सांगितलं : "पाळी गेल्यावर परत रक्त दिसलं, आणि मी गप्प बसले." खोलीत शांतता पसरली. मग एकीने हळूच विचारलं, संबंधानंतर रक्त जातं ते पण दाखवायचं का. दुसरीने पांढऱ्या, वास येणाऱ्या पाण्याबद्दल विचारलं. दोघींनाही आम्ही 'हो, लवकर दाखवा' म्हटलं.

सुरुवातीला मी आकडे सांगायची. 2022 या एका वर्षात जगभरात साडेतीन लाखांच्या आसपास बायका या आजाराने गेल्या, वगैरे. बायका हळहळायच्या आणि घरी जायच्या. पुढे लक्षात आलं की त्यांना विचारायचं असतं ते वेगळंच : आत काय घालतात, किती दुखतं, कपडे किती काढावे लागतात, पुरुष डॉक्टर असतो का, नवऱ्याला कळवावं लागतं का. मग मी तेच सांगायला लागले, स्पेक्युलमपासून पॅडपर्यंत. पहिल्या सातजणींपैकी दोघी गेल्या. त्या दोघींनी आपला अनुभव सांगितल्यावर आणखी चौघी गेल्या. एक आकडा मात्र मी अजून सांगते, कारण तो ऐकून बायका ताठ बसतात. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांहून जास्त बायकांवर अभ्यास झाला, तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांत बायकांची एकदाच एचपीव्ही तपासणी केली, तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने.

धाकटी मुलगी बारा वर्षांची. तिला लस दिली. 9 ते 14 हे वय यासाठी सर्वांत योग्य, कारण विषाणूशी गाठ पडण्याआधी लस मिळाली तर तिचा पूर्ण उपयोग होतो. लशीत जिवंत विषाणू नसतो, त्याच्या वरच्या आवरणासारखी रिकामी कवचं असतात, त्यामुळे लशीतून लागण होत नाही. आमच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस दिले. या वयात एक डोसही पुरेसं संरक्षण देतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये सांगितलं आहे. टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात, कारण या वयाच्या मुलींना भोवळ येऊ शकते. तिने विचारलं, "ही कशाची सुई?" मी म्हटलं, "काकूला जो आजार झाला, तो तुला होऊ नये म्हणून." लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच असते, हे मी तिच्या लसीकरणाच्या कार्डावर मागच्या बाजूला लिहून ठेवलंय. तेव्हा मी आठवण करायला असेन, नसेन.

माझी सहा महिन्यांनंतरची एचपीव्ही तपासणी जुलै 2024 मध्ये झाली, निगेटिव्ह. जुलै 2025 ची पण निगेटिव्ह. अजून काही वर्षं दरवर्षी, मग दर तीन वर्षांनी, आणि हे किमान पंचवीस वर्षं चालू ठेवायचं आहे. जाऊबाईंच्या तपासण्याही वेळेवर चालू आहेत. परवा शेजारच्या एक पंचावन्न वर्षांच्या बाई, आयुष्यात कधी आतली तपासणी न केलेल्या, एकट्या जायला घाबरत होत्या. जाऊबाई त्यांच्यासोबत गेल्या. परत आल्यावर त्यांनी मला फोन करून एवढंच सांगितलं, "रिपोर्टची तारीख लिहून घेतलीय. आणि मोबाइल नंबर बरोबर आहे का, तेही दोनदा बघितलं."